बेटाचा खासदार

दादर नावाचा मतदारसंघ आता अस्तित्वात नाही. परळ नाही, माझगाव नाही, नागपाडा नाही. उमरखाडी, खेतवाडी, ऑपेरा हाऊस, चिंचपोकळी, नायगाव, माटुंगा ही नावंही २००८च्या पुनर्रचनेत विधानसभेच्या यादीतून गेली. मुंबई बेटावर तोवर १७ आमदार होते, त्यानंतर १० राहिले. गिरगावातला माणूस आज मत देतो ते बहुधा मलबार हिलच्या आमदाराला, लालबागचा देतो शिवडीच्या, आणि दादरच्या पश्चिमेचा माहीमच्या.

नावं जातात, त्यात काय एवढं, असं कुणी म्हणेल. पण त्याच वेळी लोकसभेतही बेटाचा एक खासदार कमी झाला आणि त्याची फारशी चर्चा कुठे झाली नाही. पूर्वी दक्षिण मुंबई आणि दक्षिण-मध्य मुंबई हे दोन मतदारसंघ पूर्णपणे बेटावर होते, आणि उत्तर-मध्य मुंबईचा बहुतेक भाग, म्हणजे दादर, माहीम, माटुंगा, धारावी, हाही बेटावरच. आता उत्तर-मध्य मुंबई म्हणजे वांद्रे, कुर्ला, कलिना, विलेपार्ले, चांदिवली. ती खाडी ओलांडून गेली. कुलाबा ते वरळी-शिवडी हा पूर्वीचा साधारण दोन खासदारांचा मुलूख एकाच्या पदरात आला. उरलेल्या बेटाच्या चार विधानसभा क्षेत्रांना चेंबूर आणि अणुशक्तीनगर जोडून दुसरा खासदार तयार झाला. हिशेब केला तर बेटाला जेमतेम पावणेदोन खासदार मिळतात.

बेट म्हटलं की आपल्याला अंदमान नाहीतर लक्षद्वीप आठवतं. मुंबईही बेट आहे हे आपण विसरतो. लोकलच्या दारात उभं राहून माहीमची खाडी ओलांडताना नाकाला ते जाणवतं, तेवढंच. म्हणून आधी लक्षद्वीपबद्दल बोलू. तिथला हिशेब पाहिला की आपला नीट समजतो.

लक्षद्वीपची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत साडेचौसष्ट हजारांच्या आत होती. २०२४मध्ये तिथे मतदार होते साधारण ५८ हजार. गणपतीत लालबागच्या रांगेत एका दिवसात याहून जास्त माणसं उभी असतात. एवढ्या लोकांना लोकसभेत एक पूर्ण खासदार आहे. दक्षिण मुंबईतही एकच, पण मतदार १५ लाखांवर. म्हणजे मिनिकॉयच्या मच्छीमाराच्या मताचं वजन भेंडी बाजारातल्या दुकानदाराच्या मताच्या पंचवीसपटीहून जास्त.

हे ऐकून माझ्या एका दोस्ताने लगेच विचारलं, मग हा अन्याय नाही का? मला तसं वाटत नाही. राज्यांच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटाव्यात, हे राज्यघटनेचं ८१वं कलम सांगतं. केंद्रशासित प्रदेशांसाठी मात्र वेगळी सोय केली आहे. त्यांचं प्रतिनिधित्व कसं असावं हे संसद कायद्याने ठरवते. लक्षद्वीपला विधानसभा नाही, राज्यसभेत जागा नाही. तिथल्या माणसाचा देशाच्या कुठल्याही कायदेमंडळात आवाज असेल तर तो या एका खासदाराचाच. शिवाय १९६७पर्यंत तोही निवडलेला नसायचा, राष्ट्रपती नेमायचे. १९६७मध्ये पहिली निवडणूक झाली आणि पंचविशीतले पी. एम. सईद अपक्ष म्हणून निवडून आले. ती धरून सलग दहा निवडणुका त्यांनी जिंकल्या, लोकसभेचे उपाध्यक्ष झाले आणि २००४मध्ये अवघ्या ७१ मतांनी हरले.

या एकाच आवाजावर किती भार आहे हे जानेवारी २०२३मध्ये दिसलं. तेव्हाचे खासदार मोहम्मद फैझल यांना कवरत्तीच्या न्यायालयाने एका फौजदारी खटल्यात दोषी ठरवलं आणि त्यांची खासदारकी लगेच गेली. केरळ उच्च न्यायालयाने महिना संपायच्या आत त्या निकालाला स्थगिती दिली. तरी सदस्यत्व परत मिळायला २९ मार्च उजाडला. ते अडीच महिने त्या बेटांचं देशाच्या एकाही सभागृहात कुणी नव्हतं. त्याआधी २०२१मध्ये प्रशासक प्रफुल्ल पटेल यांनी (हे गुजरातचे, आपले गोंदियाचे नव्हेत) जमीन, गोमांस, पंचायत निवडणुकीसाठी दोन अपत्यांची अट असे मसुदे आणले, तेव्हा बेटवासीयांच्या बाजूने ठराव करावा लागला तो शेजारच्या केरळ विधानसभेला. तेव्हा लक्षद्वीपच्या एका खासदाराचा हेवा करण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडे तेवढंच आहे.

फैझल हे शरद पवारांच्या राष्ट्रवादी काँग्रेसचे. २०१९मध्ये त्या पक्षाचे पाच खासदार निवडून आले. चार महाराष्ट्रातले आणि पाचवा लक्षद्वीपचा. पाचांत मुसलमान एकटे फैझल. महाराष्ट्रात जन्मलेल्या पक्षाला मुसलमान खासदार मिळाला, पण तो अरबी समुद्रातल्या प्रवाळबेटांवरून. सव्वा कोटीहून जास्त मुसलमान असलेल्या राज्यातून नाही.

लक्षद्वीपची ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. तिथले मूळ रहिवासी जवळपास सगळे मुसलमान आहेत आणि अनुसूचित जमातीतही आहेत, कारण जमातींच्या यादीला धर्माची अट नाही. अनुसूचित जातींच्या यादीला ती आहे. १९५०च्या आदेशात फक्त हिंदू होते, १९५६मध्ये शीख आले, १९९०मध्ये बौद्ध आले. मुसलमान आणि ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. त्यामुळे धारावीत पिढ्यान्‌पिढ्या कातडं कमावणारा मुसलमान धारावीत मत देऊ शकतो, पण धारावीतून आमदारकीला उभा राहू शकत नाही, कारण जागा राखीव. मिठी नदीपलीकडे कुर्ल्यातही तेच. एका बेटावर राखीव जागा मुसलमानाला संसदेत नेते आणि दुसऱ्या बेटावर दारातच अडवते. दोन्हीकडे कायद्यातला शब्द आहे राखीव. दलितांच्या जागा काढून घ्या, असं मी चुकूनही म्हणत नाही. धर्माची अट काढा, एवढंच म्हणतो.

आता आपल्या बेटाकडे येतो.

१९७१च्या जनगणनेत मुंबई बेटावर ३० लाख ७० हजार लोक राहत होते आणि उपनगरांत २९ लाख. जवळपास निम्मे-निम्मे. त्या आकड्यांवर १९७०च्या दशकात मतदारसंघ आखले गेले तेव्हा विधानसभेच्या १७ जागा इकडे आणि १७ तिकडे, लोकसभेचे खासदारही साधारण अर्धे-अर्धे. पुढे १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने जागा गोठवल्या. मग २००१ची जनगणना आली. बेटावर ३३ लाख ३८ हजार, उपनगरांत ८६ लाखांवर. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने राज्याच्या ४८ खासदारांना हात न लावता आतल्या सीमा नव्याने आखल्या. मुंबईच्या ३६ आमदारांपैकी १० बेटाला आले. मुंबईच्या लोकसंख्येत बेटाचा हिस्सा होता जवळपास २८ टक्के, आणि ३६मध्ये १० म्हणजेही तेवढेच. गणितात खोट काढायला जागा नाही. आयोगाने कुणाशी दुजाभाव केला असं मला म्हणायचं नाही.

माझा प्रश्न गणिताच्या आधीचा आहे. उपनगरं तिप्पट होत असताना बेटाची लोकसंख्या जागच्या जागी का थांबली? २०११मध्ये तर ती ३० लाख ८५ हजारांवर आली, म्हणजे चाळीस वर्षांमागे होती तिथेच. इथल्या लोकांनी मुलं जन्माला घालायचं सोडलं होतं का? नाही. ती मुलं गेली विरारला, नालासोपाऱ्याला, डोंबिवलीला, मीरा रोडला, मुंब्र्याला. परळ-लालबागची मराठी मुलं आणि मदनपुरा-नागपाड्याची मुसलमान मुलं एकाच लोकलने गेली. आधी गिरण्या बंद पडल्या, मग चाळी, आणि शेवटी १९९२-९३च्या दंगलींनी जे उरलंसुरलं होतं तेही हलवलं. दादर-परळची माणसं वेगळ्या कारणाने गेली, आमची अजून एका कारणाने. पण मतदारयादीत दोन्हींचा परिणाम सारखाच नोंदला गेला.

गिरणगावाने संसदेत आपला माणूस पाठवला होता, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. १९६७ला कॉम्रेड डांगे इथूनच गेले. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. संप फसला. १९८४मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेस देशभर चारशेच्या वर गेली. त्या लाटेत दक्षिण-मध्य मुंबईने अपक्ष दत्ता सामंतांना निवडून दिलं. त्याच मतदारसंघात नागपाडा होता, माझगाव होतं. मदनपुऱ्याचे मोमीन विणकर आणि लालबागचे कोकणी-घाटी गिरणीकामगार एकाच मतदारसंघात होते. गिरणीतल्या साच्यांवर तर ते आधीपासून शेजारी होतेच. संप हरलेल्या माणसांनी निवडणूक जिंकली, कारण ती एका हद्दीत राहत होती, दाटीने राहत होती आणि हद्दीत त्यांची संख्या निर्णायक होती. त्यांना तिथून हलवलं की कुठल्याही पुढाऱ्याला हरवायची गरज उरत नाही. तो मतदारसंघच आज नाही.

‘आपला माणूस’ हा शब्द मी मुद्दाम वापरला, आणि तोच आमच्या मोहल्ल्यात सगळ्यात जास्त घोटाळा करतो. २००८नंतर लोकसभेच्या चार निवडणुका झाल्या. मुंबईच्या सहा जागांवरून एकही मुसलमान निवडून आला नाही. बेटावर म्हणजे मुंबई शहर जिल्ह्यात साधारण चौथा हिस्सा मुसलमान असूनही. २०२४मध्ये महाविकास आघाडीने राज्यातल्या ४८पैकी एकाही जागेवर मुसलमान उमेदवार दिला नाही. नसीम खान यांनी तेव्हा नाराजी जाहीर केली, ती योग्यच होती. निकालात राज्यातून मुसलमान खासदारांची संख्या शून्य आली. या शून्याचं मला दुःख आहे. पण त्यावर ‘आपल्याला वेगळी जागा हवी’ असं जे अलीकडे दबक्या आवाजात ऐकू येतं, ते ऐकून मला याच बेटाचा इतिहास आठवतो.

या बेटाने मुसलमानांची वेगळी जागा बघितलेली आहे. ब्रिटिशांच्या काळात मध्यवर्ती कायदेमंडळात मुंबई शहराची एक मुस्लिम जागा होती. तिथे मत फक्त मुसलमानांनीच द्यायचं, आणि मुसलमानांतही ज्यांच्याकडे मालमत्ता नाहीतर ठरावीक कर भरण्याची ऐपत आहे त्यांनीच. १९२३पासून या जागेवरून बॅरिस्टर जिना जात राहिले. मलबार हिलला त्यांचा बंगला होता. मदनपुऱ्यातल्या विणकराला त्या निवडणुकीत मत नव्हतं आणि जिनांना लालबागच्या हिंदू कामगाराच्या मताची गरज नव्हती. आपला माणूस होता, पण त्याला ना आपल्यातल्या गरिबाकडे बघावं लागे, ना शेजाऱ्याकडे. पुढे काय झालं ते सांगायला नको.

दुसरं टोकही याच बेटाने पाहिलं. १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत दादरला राहणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्तर मुंबईच्या राखीव जागेवरून उभे राहिले आणि काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून हरले. जागा राखीव, मतदार सगळे. निवडून आलेला माणूस दलित होता, पण दलितांना हवा होता तो तो नव्हता. राज्यघटनेचा शिल्पकार राज्यसभेतून संसदेत गेला. म्हणजे खुर्चीवर आपल्या जातीचा किंवा धर्माचा माणूस बसला की काम झालं, असं नसतं.

मग काय असतं? मला वाटतं, २०२४ने एक छोटा धडा दिला. दक्षिण मुंबईतून शिवसेनेचे (ठाकरे) अरविंद सावंत जिंकले. कुलाबा आणि मलबार हिलमध्ये ते मागे होते. त्यांना तारलं ते भायखळा आणि मुंबादेवीने. ९२-९३ पाहिलेल्या मोहल्ल्यांनी शिवसेनेच्या माणसाला भरभरून मतं दिली, ही गोष्ट वीस वर्षांपूर्वी कुणी सांगितली असती तर लोकांनी त्याला दर्ग्यावर दुआ मागायला नेलं असतं. ऑगस्ट २०२४मध्ये वक्फ दुरुस्ती विधेयक लोकसभेत आलं तेव्हा या पक्षाचे खासदार सभागृहात दिसले नाहीत. लगेच काही मुसलमान मातोश्रीबाहेर जाऊन उभे राहिले, मत आमचं घेतलं आणि आता कुठे गेलात म्हणून. पुढे सावंत त्या विधेयकाच्या संयुक्त संसदीय समितीत होते, विरोधाची टिपणीही दिली, आणि एप्रिल २०२५मध्ये पक्षाने विरोधात मत दिलं. विधेयक मंजूर झालं ते झालंच. पण एका मराठी हिंदू खासदाराला मुंबादेवीच्या मतदाराला उत्तर द्यावं लागलं, हे मी प्रतिनिधित्व समजतो. ते त्याच्या ईमानावर अवलंबून नव्हतं. भायखळा आणि मुंबादेवीत माणसं अजून दाटीने राहतात, यावर होतं.

आणि नेमकी तीच दाटी आता ओसरते आहे. भेंडी बाजारचा पुनर्विकास चालू आहे, वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी पडून टॉवर येत आहेत, धारावीत कोण पात्र आणि कोण अपात्र याच्या याद्या होत आहेत. अपात्र ठरेल त्याचं घर बेटाबाहेर. पुनर्विकासाला माझा विरोध नाही. जिन्यावर टेकू लावलेल्या इमारतीत ज्याने रात्र काढली आहे तो विरोध करणार नाही. पण नव्या जनगणनेची मोजणी २०२७च्या १ मार्चची धरली जाणार आहे. २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेवर जागांची फेरवाटणी करायची तरतूद राज्यघटनेत आहे. २०११चेच आकडे धरले तरी बेटाच्या दहा आमदारांतला एक जातो आणि खासदार दीडवर येतात. २०२७मध्ये निम्मी गल्ली संक्रमण शिबिरात असेल तर काय होईल, याचा हिशेब कुणी मांडलेला मला दिसला नाही.

पुनर्रचना आयोग मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. मागच्या वेळी राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार आयोगाचे सहयोगी सदस्य होते, मतदानाचा अधिकार नसलेले. त्या काळात आमच्या भागातून कुणी कागद घेऊन सुनावणीला गेल्याचं मला आठवत नाही. मशिदीच्या कमिटीच्या निवडणुकीवरून मात्र दोन वर्षं कोर्टकज्जे चालले होते. सुनावणीची तारीख वर्तमानपत्रात येते, उर्दूतही येते. ती वाचून जाणारे चार वकील, चार शिक्षक आपल्यात नाहीत असं नाही.

मीरा रोडला आणि मुंब्र्याला गेलेल्यांना तिथे पूर्ण खासदार मिळावा, तो त्यांचा हक्कच आहे. त्यांच्या वाटणीचं काढून मलबार हिलला द्या असं म्हणणारा मी कोण. पण जो गेलेला नाही, ज्याला परत आणण्याचं कबूल करून तात्पुरतं हलवलं आहे, त्याची गणती कुठे होणार? माझ्या ओळखीचे एक चाचा आहेत, सत्तरी ओलांडलेले. चिंचपोकळीजवळची त्यांची इमारत धोकादायक ठरली. ‘दोन-तीन वर्षांत परत याल’ असं सांगून त्यांना गोराईच्या संक्रमण शिबिरात पाठवलं. त्याला आता चौदा वर्षं झाली. मतदारयादीत त्यांचं नाव अजून भायखळ्यातच आहे. मतदानाच्या दिवशी पहाटेची लोकल पकडून येतात, मत देतात, नागपाड्यात नाश्ता करतात, जुने दोस्त भेटतात, संध्याकाळी परत जातात.

परवा त्यांनी विचारलं, जनगणनेचा मास्तर आला तर मी कुठला म्हणून सांगू? मी म्हटलं, राहता तिथलेच. गोराईचे. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे मत भायखळ्यात आणि मुंडकं गोराईत.” आणि खिशातून इमारतीच्या मंजुरीच्या पत्राची घडी घातलेली झेरॉक्स काढून माझ्या हातात दिली. सुनावणीच्या वेळी हे दाखव म्हणाले.